तेवीस उणे नऊ

माझ्यापर्यंत माणूस येत नाही.
येतो तो धागा.
अठरा मिलिमीटर, फॉर्मालिनच्या बाटलीत,
बाटलीवर चिकटपट्टी: झेफेरीनो कालादू,
वय शहात्तर, एव्होराजवळचं गाव,
धंदा बुचाच्या झाडांची साल काढणे.

सकाळी अन्सेल्मोने त्याच्या मानेतल्या शिरेत नळी सोडली,
हृदयाच्या उंबऱ्यावरून खाली,
यकृतातून निघणाऱ्या शिरेत शिरवली,
आणि टोकाचा फुगा फुगवला.
वाट अडली की मागचा लोंढा बोलतो.
तेवीस, म्हणाला.
फुगा सोडला. नऊ.
असं तीनदा, कारण म्हातारा मध्येच खोकला
आणि खोकल्यात आकडे खोटं बोलतात.

तेवीस उणे नऊ.
दुसरीतलं पोर बोटांवर करील.
दहाच्या पुढे अन्ननलिकेतल्या शिरा फुगू लागतात,
बाराच्या पुढे त्या फुटायला निमित्त शोधतात.
आमच्याकडे चौदा उरले.

त्याच नळीतून सुई गेली, तिने आणला हा धागा.
काळजाचा तुकडा म्हणून कुणी कवटाळावा
एवढासुद्धा नाही. शिवणातला दोरा.
मेणात बसवला, कापला, रंगवला.
पेशी लाल राहतात, व्रण निळा होतो.
मी निळ्याच्या मागे मागे गेले:
या वाटेवरून त्या वाटेवर पूल,
अर्धवट किनारे,
पण पुरतं वेढलेलं बेट एकही नाही.
तीन, मी लिहिलं. चार नाही.

फोन वाजला.
चौदावर तीन कसे, लिओनोर?
म्हटलं, सुईला जे लागलं तेवढंच मला दिसणार,
पन्नास हजारांतला एक कण.
तो गप्प. मीही गप्प.
मग किती वर्षांनी कोण जाणे, मी जिना चढले.

लुडोविना संत्रं सोलत होती.
मी कोण हे विचारायच्या आधीच म्हणाली,
बाबा पीत नाहीत हो. सगळे तेच विचारतात.
एकाहत्तर साली, गिनीच्या लढाईत, मांडीत गोळी.
कुणा अनोळखी शिपायाचं रक्त चढवलं.
त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही.
विषाणू सहा वर्षांपूर्वी गोळ्यांनी गेला.
म्हणजे पाहुणा गेला, आणि घरभर पाडलेल्या भिंती ठेवून गेला,
नाही, पाडलेल्या नाही,
घातलेल्या.

झेफेरीनोच्या मानेवर कापसाचा बोळा.
माझे हात बघत म्हणाला,
झाड नुसतं बघून कळत नाही, बाई.
कुऱ्हाड टेकवायची आणि कान द्यायचा.
पोकळ वाजलं तर साल सुटते.
कोरडं वाजलं तर थांबायचं,
नाहीतर आतला थर फाटतो. त्याला आम्ही आई म्हणतो.
आईला लागलं की तिथं गाठ धरते,
पुढं कितीही सालं गेली तरी साल धरत नाही.

मला सांगायचं होतं की आम्ही दोघांनीही तेच केलं,
मी बघितलं, अन्सेल्मोने ऐकलं.
नाही सांगितलं. संत्र्याची फोड घेतली.

मग त्याने विचारलं,
साल काढली की खोडावर आम्ही पांढरा आकडा घालतो,
त्या वर्षाचा शेवटचा.
नऊ वर्षं मग त्या झाडाला कुणी हात लावत नाही.
माझ्यावर कुठला घातलात?

रोज अर्धी गोळी, मी म्हटलं. महिन्याभरात दुर्बीण.
नऊ वर्षांचं काही बोलले नाही.
त्यालाही ते कोरडं वाजलं असणार.

खाली येऊन अहवाल पुन्हा उघडला.
तीन खोडला नाही; तो खोटा नव्हता.
पुढे एक ओळ घातली:
धागा आणि दाब जुळत नाहीत. दाबाचं ऐकावं.

मेणाचा ठोकळा खालच्या खणात ठेवायचा होता.
कडेला तारखेपुरती जागा असते.
मी पेन्सिलीने तिथे
पाच काढला, आणि थांबले.